ढिगाऱ्याचा सातबारा

“आपल्या जिल्ह्यात खदान कोठी हाये भाऊ? मंग त्याचं आपल्याले काय?”

खाणींचे ढिगारे, धातूच्या कारखान्यांचा मळ, त्यांचे सांडपाणी यांविषयी वाशीममध्ये बोलायला लागले की हा प्रश्न येतोच. माझ्या शेतशेजाऱ्याने तो विचारला तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते अजून डोक्यातून गेलेले नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

प्रश्न वावगा नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सगळाच्या सगळा काळ्या पाषाणावर बसला आहे. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठेही खणा, आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट. तांबे नाही, लोहखनिज नाही, मँगनीज नाही, कोळसाही नाही. सोयाबीन, तूर, कपाशी आणि क्रशरची गिट्टी, एवढेच जमिनीतून निघते.

तरीही इतिहासाच्या पुस्तकात वाशीमचे नाव पक्के झाले ते धातूच्या पत्र्यांमुळे. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, इथून चौथ्या शतकात तो दिला गेला. नांदेडकडच्या एका गावाचे दान त्यावर कोरले आहे. दान कुणाला, कशापासून सूट, सगळे बारकाईने लिहिलेले. मला मात्र तो पत्रा आठवला की वेगळाच विचार येतो. तांबे वाशीमचे नव्हते. ते कुठल्या तरी डोंगरातून खणले गेले, कुठल्या तरी भट्टीत गाळले गेले आणि तिथे राख, दगडाचा चुरा आणि मळी मागे राहिली. दान कोरून ठेवले गेले. मागे उरलेल्याची नोंद कुणी केली नाही. सोळाशे वर्षांनी खाणीच्या करारांत उरलेल्याचे कलम आले आहे खरे, पण ते अजून शेवटच्या पानावरच आहे.

ही मळी किती चिवट असते ते पाहायला लांब जायला नको. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले, तेव्हा महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. अडीच हजार वर्षांहून जुनी. लोखंड कधीच वापरून, गंजून संपले होते. भट्टीशेजारची मळी मात्र जागची हलली नव्हती. जवळजवळ चाळीस किलो. माणूस जातो, त्याचा फाळ जातो, त्याने टाकलेली मळी राहते.

आता पैनगंगेकडे येऊ, कारण शेजाऱ्याचे उत्तर तिच्या काठाने चालत जाऊनच मिळते. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या रांगेत ती उगवते, रिसोड तालुक्यात आमच्या जिल्ह्यात शिरते, वाशीम आणि हिंगोलीची हद्द होते, इसापूरच्या धरणात थांबते, सहस्रकुंडाला उडी घेते आणि पुढे बराच काळ महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होऊन वाहते. मग तिच्या पायाखालचा काळा पाषाण संपतो. त्याखालचे चुनखडीचे आणि गाळखडकांचे फार जुने थर उघडे पडतात. भूवैज्ञानिकांनी या थरांना आमच्याच नदीचे नाव दिले, ‘पैनगंगा समूह’. आदिलाबादच्या बाजूला त्यात मँगनीज सापडते. अलीकडच्या काठावरच्या चुनखडीवर गडचांदूर-आवारपूरचा सिमेंट पट्टा उभा आहे. आणखी पुढे गोंडवनी कोळसा. कोरपना तालुक्यातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या एका उघड्या खाणीचे नावच ‘पैनगंगा’ आहे. शेवटी एका काठावर वढा, दुसऱ्या काठावर जुगादचे जुने शिवमंदिर, आणि तिथे ती वर्धेला मिळते. वढ्याला लोक विदर्भाचे पंढरपूर म्हणतात; कार्तिकात यात्रा भरते. संगमापासून जवळच घुग्घुस आहे. कोळशाच्या खाणी, स्पंज आयर्न, सिमेंट, सगळे एका गावाच्या अंगावर.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. शंभरपैकी ८३.८८. परीक्षेत एवढे गुण पडले की आपण पेढे वाटतो. या परीक्षेत ते पडू नयेत अशी प्रार्थना करावी लागते.

रिसोडहून निघालेले पाणी तिथे पोहोचते. तिथले पाणी उलटे रिसोडला येत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. पण पाणी खाली जाते आणि लोखंड वर येते, हे आम्ही विसरतो. घरकुलाच्या स्लॅबमधली सळई जालन्याहून येते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगाराबरोबर स्पंज आयर्न वितळते, आणि स्पंज आयर्न कोळसा आणि लोहखनिज एकत्र भाजून होते. विहिरीवरच्या मोटारीतले तांबे, गोठ्यावरचे टिन, सौर पंपाचा सांगाडा, ट्रॅक्टर, पाइप, ई-रिक्षातली शिशाची बॅटरी: एकाही गोष्टीचा धातू या जिल्ह्यातला नाही. त्या प्रत्येकाचा मळ कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात पडून आहे. आम्हाला खाण नाही याचा खरा अर्थ, आमचा ढिगारा दुसऱ्याच्या दारात आहे.

तो केवढा असतो? गोंदियाला लागून मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा आहे. तिथल्या मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. अशा खाणीतल्या शंभर किलो खनिजात तांबे साधारण एक किलो असते. म्हणजे मोटारीच्या वाइंडिंगमधल्या प्रत्येक किलो तांब्यामागे जवळजवळ शंभर किलो दगड पिठासारखा दळला जातो आणि पाण्याबरोबर मोठ्या तळ्यात सोडला जातो. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि खडक बाजूला काढलेला असतो तो निराळा. वणी-चंद्रपूरकडे लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात आणि ओबीचे डोंगर दाखवतात. नंतर भट्टीची मळी, धुरातली धूळ, थंड करायला वापरलेले पाणी. झोतभट्टीत एक टन लोखंड निघताना तीन-चारशे किलो मळी निघते. बॉक्साइटपासून एक टन अॅल्युमिना करताना एक ते दीड टन लाल, दाहक चिखल उरतो. तेव्हा या धंद्यात मळ हा किरकोळ भाग आहे असे समजणे चूक आहे. खाणीपासूनचे वजन धरले तर बहुतेक धातूंच्या धंद्याचे मुख्य उत्पादन मळ हेच आहे, धातू त्यातून निवडून घेतलेला थोडा भाग.

आणि हा मळ नुसता पडून राहत नाही. अनेक खनिजांबरोबर लोखंड आणि गंधक यांचे एक संयुग असते, पायराइट. जमिनीखाली हवा लागत नाही तोवर ते लाखो वर्षे गप्प असते. खणून ढिगारा केला, पाऊस आणि हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होऊ लागते. जिवाणू हे काम आणखी वेगाने करतात. ते आम्ल दगडातले इतर धातू विरघळवते आणि झऱ्यातून, ओढ्यातून खाली उतरते. स्पेनमधल्या रिओ तिंतो या नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षे खाणकाम झाले. तिथल्या बऱ्याच जुन्या खाणी बंद पडल्या तरी नदीचे पाणी आज लाल आणि आंबट आहे. खाणीला मुदत असते, आम्लाला नसते.

इथे मला घरामागचा उकिरडा आठवतो. शेण, कुटार, चुलीची राख, गोठ्यातले लोटलेले सगळे त्यात जायचे. उन्हाळ्यात बंडी भरून तो शेतात पडायचा. गावाकडे ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ असे म्हणतात, ते कुणाच्या तरी नशिबाविषयी. पण आमच्या उकिरड्याचे पांग तर दरवर्षी फिटायचे, आणि ते आपोआप फिटत नव्हते. उकिरड्याला मालक होता. तो कुणाच्या दारात घालायचा यावरून भांडणे व्हायची, म्हणजे तो कुणाचा हे गावाला ठाऊक असायचे. आणि तो जिथून आला तिथे परत जायचा. खाणीच्या ढिगाऱ्याला यातले काहीच नाही. मालक धातू विकून निघून जातो आणि ढिगारा पावसाच्या ताब्यात उरतो.

पांग अचानक फिटण्याचेही एक उदाहरण आहे, आणि ते या प्रश्नाची गाठ नेमकी उघडून दाखवते. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांत लोहखनिज काढताना कमी प्रतीचा माल आणि खाणमाती वर्षानुवर्षे टाकून दिली जात होती. पावसाळ्यात ती भाताच्या शेतात उतरायची. शेतकऱ्यांची तक्रार कुणाच्या कानी पडत नव्हती, कारण ढिगारा कुणाचाच नव्हता. मग २००० नंतरच्या दशकात चीन कमी प्रतीचे खनिज घेऊ लागला आणि तेच ढिगारे सोने झाले. त्याबरोबर मालक हजर झाले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, खाणकाम थांबले, आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लीजच्या हद्दीबाहेर खाणमाती टाकता येणार नाही. किती साधी गोष्ट! आपल्या शेतातले दगड वेचून शेजाऱ्याच्या धुऱ्यावर टाकले तर तो काठी घेऊन येतो. हे धातूच्या धंद्याला समजावून सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले.

आता टाकलेल्या मळातून महत्त्वपूर्ण खनिजे काढण्याची भाषा दिल्लीत सुरू झाली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात तसे धोरण आणण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानातही चोथा (धातू काढून घेतल्यावर उरलेली दगडाची पूड), राख आणि लाल चिखल यांचा विचार आहे. चांगले आहे. पण ज्याची किंमत उद्या वाढणार तो ढिगारा कुणाचा, आणि ज्याच्यातून काल विष झिरपले तो कुणाचा, ही उत्तरे वेगवेगळी येता कामा नयेत.

म्हणून मला वाटते, प्रत्येक ढिगाऱ्याचा, चोथ्याच्या प्रत्येक तळ्याचा सातबारा असला पाहिजे. ही उपमा नाही, मी शब्दशः म्हणतो आहे. शेतकऱ्याने सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढतो. जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो. घेणाऱ्याला तो डोळ्यांनी वाचता येतो. खाणीच्या ढिगाऱ्यावर असाच बोजा हवा. त्यात काय पुरले आहे, त्यातून झिरपणारे पाणी कुठल्या ओढ्याला लागते, ते किती वर्षे सांभाळायचे आणि कुणी. लीज हस्तांतरित झाले, कंपनी विकली गेली, दिवाळखोरीत गेली, तरी बोजा पुसला जाणार नाही. आज खाण बंद करण्याचा आराखडा असतो, हेक्टरी काही लाख रुपयांची हमीही घेतली जाते. पण तो आराखडा फायलीत असतो. सातबारा कुणालाही काढता येतो. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

दुसरा मुद्दा हद्दीचा. खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. लिलावाने दिलेल्या लीजवर रॉयल्टीच्या दहा टक्के आणि त्याआधीच्या लीजवर तीस टक्के एवढी रक्कम त्यात जमा होते. कल्पना न्याय्य आहे आणि तिच्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना झाल्या आहेत. पण बाधित कोण? २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरच्या त्रिज्येतला भाग थेट बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. म्हणजे कंपासपेटीतले कर्कटक घ्यायचे, टोक खाणीवर ठेवायचे आणि वर्तुळ काढायचे. धुळीसाठी, सुरुंगाच्या हादऱ्यासाठी, ट्रकांसाठी हे ठीक आहे. पाणी मात्र वर्तुळात वाहत नाही. ते एका बाजूला वाहते. खाणीच्या वरच्या अंगाला दहा किलोमीटरवरचे गाव पाण्याने बाधित नसेल आणि खालच्या अंगाला साठ किलोमीटरवरचे असेल. ब्राझीलमध्ये ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळचा लोहखनिजाच्या चोथ्याचा बांध फुटला, १९ माणसे मेली आणि चिखल दोसे नदीने सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळाला. तिथे कर्कटक घेऊन बसणाऱ्याला काय सापडले असते? आणि त्याच राज्यात, ब्रुमाजिन्योला, २५ जानेवारी २०१९ रोजी दुसरा बांध फुटला; त्यात २७० माणसे गेली. त्यातले बरेच जण जेवणाच्या वेळी कंपनीच्याच खानावळीत होते.

महाराष्ट्राने पाण्याचा विचार खोऱ्याने करायचे कायद्याने मान्य केले आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात राज्याचा जल आराखडा खोरेनिहाय करायला सांगितले आहे. पाणी वाटायचे तर खोरे, आणि पाण्यात गेलेल्या मळाची भरपाई द्यायची तर वर्तुळ, हे एकाच राज्यात चालू नये. पैनगंगेच्या खोऱ्याचा हिशेब एका वहीत असावा. त्या वहीत वाशीमचेही पान असेल, आणि ते कोरे नसेल.

सांडपाण्याविषयी एक गैरसमज इतका रुजला आहे की त्यावर थांबावेच लागेल. कारखान्यात ‘ईटीपी’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे यंत्र, आहे म्हटले की प्रश्न संपला असे अधिकारी, पत्रकार, गावकरी सगळेच समजतात. आम्ल आणि धातू असलेल्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळतात. आम्लता मरते, विरघळलेले लोखंड, जस्त, तांबे, शिसे गाळ होऊन तळाशी बसते आणि वर निवळ पाणी येते. क्रोमियमचे विषारी रूप असेल तर त्यात फेरस सल्फेट घालून आधी ते कमी घातक रूपात आणतात आणि मग खाली बसवतात. हे शास्त्र जुने आहे आणि नीट चालवले तर उत्तम चालते. पण धातू नाहीसा होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो. ‘पाणी शुद्ध केले’ हे वाक्य अर्धे आहे. ‘आणि गाळ अमुक ठिकाणी ठेवला’ हे उरलेले अर्धे कुणी विचारत नाही. विदर्भातला घातक कचरा रीतसर पुरायची सोय बुटीबोरीला आहे. तिथवर वाहतूक, वजन आणि पुरण्याचे शुल्क आले. आणि रात्री एखाद्या नाल्यात ट्रॉली रिकामी करायला काहीच लागत नाही. जिथे प्रामाणिकपणा महाग आणि चोरी फुकट असते, तिथे नुसत्या यंत्राने काय होणार? पाणी पुरते आटवून एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, अशी पद्धतही आता पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यातही मीठ उरतेच. ते पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवतात. शेडचे पत्रे उडाले आणि पाऊस आला की पुन्हा पाणी.

माझ्या या बोलण्यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. वाशीम हा मागासलेपणामुळे आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला जिल्हा आहे. इथल्या पोरांना काम हवे आहे. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज निघू लागले, हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन २०२५ मध्ये सुरू झाली आणि खनिजाची पूड पाण्यात कालवून तिच्यातून जाऊ लागली. तिथल्या तरुणांना नोकऱ्या लागल्या. पोलाद नको म्हणणाऱ्याने आधी आपले घर पाडावे, असे मला एका सभेत सुनावले गेले. ते खरे आहे. मी पोलाद नको म्हणत नाही. सळईशिवाय घरकूल नाही आणि तांब्याशिवाय ओलीत नाही. पण नोकरीची संधी वीस-पंचवीस वर्षांची असते आणि मळाचे ओझे पुढच्या कित्येक पिढ्यांचे. एकाच ताटातल्या या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी न वाढताच पहिलीची किंमत सांगितली जाते. पाइपलाइनमुळे रस्त्यावरचे ट्रक आणि धूळ कमी होते, हा तिचा खरा फायदा. त्याचबरोबर खनिजाबरोबर पाणीही डोंगरातून निघून जाते, आणि कमी प्रतीचे खनिज धुऊन वापरायचे ठरले की निम्म्याहून अधिक भाग चोथा म्हणून मागे राहू शकतो. हे दोन्ही एका वेळी लिहिले तर निर्णय घेणाऱ्याला लाज वाटायचे कारण नाही.

मळाची परतीची वाट असू शकते, हे दाखवणारी उदाहरणे विदर्भातच आहेत, आणि त्यातल्या एकावर माझा फार जीव आहे. सावनेर तालुक्यातल्या गुमगावला मँगनीजची जुनी खाण आहे. तिथल्या ढिगाऱ्यावर गवतसुद्धा उगवत नव्हते: सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, वर धातूंचे प्रमाण जास्त. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढिगाऱ्यावर खड्डे घेतले, त्यांत साखर कारखान्याचा प्रेसमड घातला, मुळांशी राहणाऱ्या बुरशीची आणि रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर अशा जिवाणूंची जोड दिली आणि झाडे लावली. काही वर्षांत तिथे रान उभे राहिले. एका कारखान्याच्या टाकाऊ चिखलाने दुसऱ्याच्या ढिगाऱ्यात जीव घातला. मी हे शेजाऱ्याला सांगितले तेव्हा तो रायझोबियम म्हटल्यावर सावरून बसला. सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळायचे हे वाशीमच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. खाणीचा ढिगारा बरा करण्याची विद्या त्याच्या हातात आहे, फक्त त्याला कुणी विचारलेले नाही.

दुसरे उदाहरण तर त्याच्या शेतातच पडलेले आहे. तांबे किंवा जस्त गाळताना गंधकाचा धूर निघतो. तो एके काळी सरळ आकाशात सोडत आणि भोवतालची झाडे जळत. आता तो पकडून त्याचे गंधकाम्ल करतात आणि त्या आम्लात फॉस्फेटचा दगड विरघळवून सुपर फॉस्फेट होते. सोयाबीनला गंधक मिळावे म्हणून आपण जे पोते फोडतो, त्याची एक वाट अशा भट्टीच्या धुराड्यातून आलेली असू शकते. झोतभट्टीची मळी दळून सिमेंटमध्ये जाते. बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याचा लाल चिखल सिमेंट कारखान्यांकडे जाऊ लागला आहे. पोलादाच्या मळीचा रस्ता सुरतजवळ हझिऱ्याला २०२२ मध्ये बांधला गेला.

इथे मला एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ‘वापर झाला’ हा शब्द फसवा असू शकतो. राख किंवा मळी रस्त्याच्या भरावात टाकली, विटांत घातली, खड्ड्यात लोटली, की कागदावर ती शून्य होते. ढिगारा एका जागी होता तेव्हा निदान दिसत होता. तो शंभर ठिकाणी पसरला आणि त्यातला धातू पुढे पाण्यात उतरला, तर शोधायचे कुठे? १६ जुलै २०२२ रोजी कोराडीच्या औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला, राख कोलार आणि कन्हान नद्यांत उतरली. सगळ्यांनी पाहिले, बातम्या आल्या, जाब विचारला गेला. पसरलेल्या मळाची बातमी होत नाही. म्हणून परतीच्या वाटेलाही नोंद हवी: किती टन, कुठल्या भरावात, कुठल्या गटात.

आता स्वतःच्या अंगणाकडे. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून गेला. त्याच्यासाठी मुरूम आणि गिट्टी लागली, आणि ती जमिनीतूनच निघाली. गौण खनिज या नावातच आपण तिला गौण ठरवून टाकले आहे. सोडून दिलेल्या खदानींत पावसाचे पाणी साचते, कडे सरळ उभे असतात, गुरे आणि पोरे त्यात उतरतात. क्रशरची पांढरी धूळ शेजारच्या तुरीच्या फुलोऱ्यावर बसते. बेसाल्टमध्ये विषारी आम्ल नाही, हे आपले नशीब. पण खणणाऱ्याने मागे काय ठेवले याची नोंद नसणे, ही सवय तीच आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याने महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम तलावांतून आणि नाल्यांतून काढून घेतला, तळी खोल झाली, रस्ताही झाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशाने त्याची दखल घेतली. म्हणजे कुठे खणायचे हे आधी ठरवले तर खड्ड्याचे तळे होते. नंतर ठरवले तर खड्डा खड्डाच राहतो. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ नवनगरे आणि उद्योग आणायचा बेत आहे. उद्या तिथे भंगार वितळवणारी भट्टी आली, बॅटरी फोडून शिसे काढणारा कारखाना आला, तर पहिल्याच ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आज तयार असले पाहिजेत. जुन्या बॅटऱ्या गोळा होऊन पुनर्वापराला जाव्यात ही जबाबदारी उत्पादकाची, असे २०२२ चे नियम सांगतात. भंगारच्या हातगाडीवरून त्या प्रत्यक्षात कुठे जातात आणि त्यातले आम्ल कुठे ओतले जाते, हे तालुक्याच्या गावात कुणी लिहून ठेवले आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी सांगितले की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणून ती गुरांना चरण्याजोगी केली पाहिजे, आणि ही अट लीजमध्येच असली पाहिजे. गुरांना चरण्याजोगी! मोजमापांचे कितीतरी तक्ते आहेत, पण मला यापेक्षा कडक कसोटी दिसत नाही. गाय खोटे प्रमाणपत्र देत नाही.

हे सगळे मी शेजाऱ्याला एका संध्याकाळी धुऱ्यावर बसून सांगितले, इतके नीट नाही, तुटक तुटक. त्याच्या मोबाइलवर नकाशा उघडून पैनगंगा वढ्यापर्यंत बोटाने सरकवत नेली. घुग्घुसजवळ नकाशावर राखाडी डाग दिसतात, ते मोठे करून दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “थे सातबाऱ्याचं बोलले ना तुम्ही, थे बराबर हाये. पन आपल्या टेकडीवरची खदान कोनाच्या नावावर हाये, हे तं आपल्यालेच ठाऊक नाही.”

खरेच ठाऊक नव्हते. ती बंद पडून बरीच वर्षे झाली आहेत. गट नंबर त्याला आठवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे तलाठी कार्यालयात गेलो.